साखरेवर बसलेलं पान

पानांना अजून वाचा होती तेव्हाची गोष्ट. रताळ्याच्या वेलावर एक पान मोठ्या तोऱ्यात असायचं. उन्हावर साखर रांधायची आणि खाली धाडायची, ही वेलाची रीत. पण एके दिवशी या पानाने देठ आवळून धरला. "मी राबायचं आणि मातीत लोळणाऱ्यांनी खायचं? जमणार नाही!"

साखर साठत गेली, तसं पान जड झालं. त्याच्या आतले इवले स्वयंपाकी हात बांधून बसले. "पानोबा, सगळी भांडी भरलीत. आता रांधून ओतायचं कुठे?"

ऊन दारात ताटकळलं. पान पिवळं पडू लागलं, तेव्हा घाबरून त्याने खाली हाक मारली, "रताळेबुवा, थोडी साखर न्या हो!"

रताळेबुवा हसले. "नेतो की! पण मातीत लोळणाऱ्यांसाठी राबायचं तुम्हाला जमेल ना?"