बीवारस डोंगर

मद्याच्या कारखान्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर, डाव्या हाताला जो वेलींनी झाकलेला डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्याच्या फलकावर 'बेवारस डोंगर' असे लिहिले आहे. ते अशुद्ध आहे. मूळ शब्द 'बीवारस', म्हणजे बियांतून आलेले वारस. या वेली कोणी मांडवावर चढवत नाही, छाटतही नाही.

असे सांगतात, की येथे हौंसा नावाची एक विधवा राहत असे. तिच्या अंगणात एका बैराग्याने दिलेली काळ्या द्राक्षाची वेल होती. ती गोड, पण दर पावसाळ्यात केवडा रोगाने झडून जाई. दरीतल्या रानवेलीला रोग शिवत नसे, मात्र तिचे फळ तोंडात धरवत नसे. हौंसाची एकुलती एक लेक सगुणा हिने खेळता खेळता काळ्या द्राक्षाचा फुलोरा रानवेलीवर झटकला आणि त्यातून धरलेले बी दारात लावले. त्याच वर्षी विळ्याची जखम चिघळून ती गेली.

बी मात्र उगवले. त्या वेलीला केवडा शिवत नसे, फळ गोड होते आणि त्याचा गरसुद्धा तांबडा होता. रस मडक्यात मुरवला, की त्याचे मद्य इतके गडद होई, की दिव्यासमोर धरले तरी पलीकडचे दिसत नसे, म्हणे. हौंसाने वेलीला लेकीचेच नाव दिले आणि नवस बोलली, 'माझ्या सगुणेला पुन्हा लोखंड लागणार नाही.'

पुढे केवड्याने गावातल्या साऱ्या वेली गेल्या, तेव्हा लोक तिच्या दारी आले. शेजारची भिमाई म्हणाली, "अगं, न्हाऊमाखू किती घालशील? लेकीची पाठवणी करशील की नाही?" हौंसाने प्रत्येकीच्या ओटीत मूठभर बिया घातल्या, काडी कोणालाही कापू दिली नाही. लोकांनी त्या बिया या डोंगरावर पेरल्या. वेली आल्या, पण एकीचेही फळ आईसारखे नव्हते.

एका वाटसरू माळ्याने तिला समजावले, "माय, संकराची वेल ही. बियांतून दुसरीच कुणी येती. हीच हवी, तर हिचीच काडी लावावी लागंल. अन् फळासाठीची गोडी छाटणी केल्याबिगर घड धरायचा नाही."

"लोखंड नाही लागायचं हिला," एवढेच हौंसा म्हणाली.

न छाटलेली वेल पाल्यात गेली. घड विरळ झाले, मग थांबले. एका चैत्रात पालवीही फुटली नाही. तेव्हा हौंसाने भीत भीत एक काडी धरली आणि वाकवली. काडी कट्कन मोडली. नखाने साल खरवडली. आत हिरवे काहीच नव्हते. तिने दुसरी मोडली, तिसरी मोडली. भिमाई धावत आली, तेव्हा अंगणभर काड्यांचा खच पडला होता आणि हौंसा म्हणत होती, "हातानं मोडते की गं ही. हातानं मोडते."

नवस लोखंडाचा होता, हाताचा नव्हता.

आजही गावातल्या लेकीसुना दर वर्षी या डोंगरावर बी पेरतात, आणि नव्या वेलीचे पहिले द्राक्ष पांढऱ्या फडक्यावर चिरडून पाहतात. फडके ओले होते, तांबडे होत नाही. तो फलक दुरुस्त करावा म्हणून मी पंचायतीकडे अनेक वर्षे आग्रह धरला. आता धरत नाही.