दारफाळणीच्या आदल्या दिवशी

फार फार वर्षांमागे, खाडीकाठच्या एका गावात, विहिरीवर दोन बाया हळू आवाजात बोलत होत्या. एक म्हणत होती, “तेल्याची दिना पहाटेच्या होडीने गेली. काखेत बोचकं, डोळे रडून सुजलेले. आणि म्हणे तिचं...”

एवढ्यात मार्थाबाई कळशी घेऊन आली आणि दोघी गप्प झाल्या.

बाळांनो, आणि बाळांच्या आजी-आजोबांनो, पुरी बातमी कानावर आली तर माणूस ती ऐकून घरी जातो. अर्धी आली की त्याला चैन पडत नाही. मार्थाबाई घरी पोचेपर्यंत तिने उरलेली अर्धी स्वतःच जुळवली होती. तरणी मुलगी, पहाटेची होडी, डोळ्यांत पाणी; म्हणजे मिठागरावरच्या कुणाबरोबर तरी ती पळाली, दुसरं काय असणार?

दुपारी तिने हे होडीवाल्याच्या बायकोला सांगितलं. शेवटी “म्हणे” जोडायला ती विसरली नाही. “म्हणे” म्हटलं की पाप आपल्याला लागत नाही, असं तिला वाटायचं.

आता ही दिना कोण? मार्थाबाईची भिंतीपलीकडची शेजारीण सिम्हाबाई, तिची ही लेक. दोन घरांत एकच भिंत. एकीने फोडणी दिली की दुसरीला ठसका लागायचा. मार्थाबाई ख्रिस्ती, सिम्हाबाई शनवारतेल्यांची. हे यहुदी लोक शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणायचं. दिनाचं लग्न खाडीपलीकडच्या एका चांगल्या घरात ठरलं होतं. सण उरकले की साखरपुडा होणार होता.

सिम्हाबाईच्या लोकांत वर्षातून एकदा दारफाळणीचा सण येतो. संध्याकाळी दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्याशी बोलणं नाही. देवापुढे आपल्या चुका मांडत बसायचं. पण दार लावण्याआधी एक काम उरकावं लागतं. वर्षभरात ज्याला दुखावलं असेल त्याच्याकडे जाऊन माफी मागायची. त्याशिवाय दार लावून काही उपयोग नाही, असं ती माणसं मानतात.

म्हणून सिम्हाबाई दरवर्षी मार्थाबाईच्या उंबऱ्याशी यायची. आणि मार्थाबाई दरवर्षी हसून सांगायची, की आमच्यात हे काही उरलं नाही बाई. तुमचा मोठा याजक, म्हणजे पुजारी, पूर्वी वर्षातून एकदा भीत भीत देवळाच्या गाभाऱ्यातल्या पडद्याआड जायचा, लोकांच्या पापांसाठी बकऱ्याचं रक्त घेऊन. आमचा प्रभू एकदाच गेला, स्वतःचं रक्त देऊन, आणि तो जाड पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. देवाचं दार आम्हाला कायमचं उघडं आहे.

बोलणं खोटं नव्हतं. पण ती अशा तोऱ्यात बोलायची की जणू पडदा तिनेच फाडलाय.

त्या वर्षीही, विहिरीवरची बातमी ऐकली त्याच संध्याकाळी, सिम्हाबाई आली. पदर सावरून म्हणाली, “तुझी कोंबडी माझ्या पेंडीत शिरली तेव्हा मी तुला टाकून बोलले. मनात ठेवू नको.”

मार्थाबाई तिच्या खांद्यावरून पलीकडे डोकावत होती. तिने विचारलं, दिना कुठे दिसत नाही?

“आत्याकडे गेलीय,” सिम्हाबाई म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. मग घरात जाऊन दार लावून घेतलं.

फिरवलेलं तोंड मार्थाबाईला पुरलं. त्या रात्री ती शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी होडी परत आली. होडीवाल्याने धक्क्यावरच सांगितलं, की दिना तिच्या आंधळ्या आत्याकडे आहे. भरल्या घरात ती कधीतरी आत्याला ओझं म्हणाली होती. ते तिला खात होतं, आणि आईलाही त्याची लाज होती. सणाचं दार लागायच्या आत आत्याचे पाय धरायला ती गेली होती, आणि सण संपल्यावरच परतणार होती. मिठागरावरचा एकही माणूस जागचा हलला नव्हता.

पण आदल्या संध्याकाळी होडी पुन्हा निघताना होडीवाल्याच्या बायकोने नवऱ्याला मार्थाबाईची बातमी दिली होती, आणि खरं काय ते कळण्याआधीच त्याने ती पलीकडे पोचवली होती. मुलाच्या आईने निरोप पाठवला होता: साखरपुडा करायचा नाही.

 मार्थाबाई धावत सिम्हाबाईच्या दाराशी आली, हात वर केला आणि तसाच राहिला. आज या दारावर थाप मारायची नसते. भिंतीपलीकडून प्रार्थनेचा पुटपुटता आवाज येत होता. आपल्या लेकीचं काय झालं हे त्या घरात अजून कोणालाच ठाऊक नव्हतं.

ती प्रार्थनामंदिरात गेली आणि गुडघे टेकून खूप रडली. म्हातारे पाद्रीबाबा दिवे पुसत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सिम्हाबाईला हे सांगितलंस का?

मार्थाबाई म्हणाली, तिचं दार बंद आहे, म्हणून मी देवाकडे आले. त्याचं उघडं आहे.

“उघडं आहे, पोरी,” पाद्रीबाबा म्हणाले. “पण तो पडदा फाटला म्हणून शेजारणीच्या दाराची कडी आपोआप निघत नाही. प्रभूनेच सांगून ठेवलंय, अर्पण इथेच ठेव, आधी तिच्याकडे जा. त्यांच्या सणातलं हे एवढं त्याने मोडलं नाही. आपणच सोडून दिलं.”

मार्थाबाई परत आली आणि सिम्हाबाईच्या पायरीवर बसली. जन्मभर जिने दुसऱ्यांच्या दारांवर नजर ठेवली, तिच्याकडे आज सारी आळी बघत होती. पाणी नेणाऱ्या बाया थबकून विचारायच्या, इथे का गं बसलीस? मार्थाबाई मान खाली घालून बसून राहिली.

दिवेलागणीला दार उघडलं. सिम्हाबाई पांढऱ्या लुगड्यात उभी होती, ओठ सुकलेले. मार्थाबाईने काही न लपवता सगळं सांगितलं. या वेळी “म्हणे” लावलं नाही.

 सिम्हाबाई म्हणाली, “काल मी तुझ्याकडे आले, तेव्हा तू हे बोलून बसली होतीस?”

“हो.”

“आणि मी कोंबडीची माफी मागत होते.”

हे ऐकून मार्थाबाईला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. सिम्हाबाई रागावली असती तर बरं झालं असतं. चौकट धरून ती म्हणाली, “माझ्यापुरतं मी सोडलं. मीही आत्ताच देवाकडे माफी मागून उठलेय. पण दिनाचं माझ्या हातात नाही, ते तिच्याकडे माग. आणि जिथे जिथे बोललीस, तिथे तिथे जाऊन पुन्हा बोल.”

दुसऱ्या दिवशी मार्थाबाई खाडी ओलांडून गेली. मुलाच्या घरी, पाचपन्नास माणसांदेखत, ती म्हणाली की ही बातमी मी रचली. मुलाच्या आईने शांतपणे विचारलं, मुलगी पहाटेच्या होडीने गेली होती ना? गेली होती. रडत होती ना? होती. “मग काहीतरी असेलच,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

ते लग्न जुळलं नाही ते नाहीच.

परतीच्या होडीत दिना होती. मार्थाबाईने तिच्यापुढे हात जोडले. दिना पाण्याकडे बघत म्हणाली, “मला एवढ्यात जमणार नाही, मावशी.”

पुढच्या वर्षी दारफाळणीच्या आदल्या दिवशी मार्थाबाईच त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. त्याच्या पुढच्या वर्षीही गेली. तिसऱ्या वर्षी दिनाने तिला आत बोलावलं. पुढे दिनाचं लग्न झालं, पण दूरच्या गावी, जिथे ही बातमी पोचली नव्हती.

आणि बातमी काही मेली नाही. मार्थाबाई म्हातारी झाली तरी विहिरीवर कोणीतरी विचारायचंच, की ती तेल्याची पोर पहाटेच्या होडीने गेली होती, हे खरं ना? मार्थाबाई कळशी खाली ठेवायची आणि सांगायची, “गेली होती, रडतही होती. तेवढं खरं. बाकीचं माझं.”

तात्पर्य: देवाकडे जायची वाट प्रभूने मोकळी केली आहे, पण ज्याला आपण दुखावलं त्याच्या दाराशी आपल्यालाच चालत जावं लागतं, आणि तेही आधी.