सोंगफाशांची नवी पोथी

“मेला तो मेला! पुन्हा उठायचं कसलं?” मी ओरडलो.

“एकदा उठता येईल! नव्या पोथीत लिहिलंय!” शिरस्तेदार अवधूतराव माझ्याहून मोठ्याने ओरडले.

भांडण सोंगफाशांचं होतं. आमच्या नांदुरगड संस्थानाचा हा भलताच लाडका खेळ. पाटाभोवती बसायचं, एकाने योद्ध्याचं सोंग घ्यायचं, एकाने मांत्रिकाचं, एकाने चोराचं. सूत्रधार सांगणार, “समोर गुहा आहे. आत राक्षस घोरतोय. काय करता?” मग फासे टाकायचे. दान पडलं तर राक्षस खलास, नाही पडलं तर आपण! माझं सोंग खड्गसिंहाचं. एरवी मी रंगोपंत कारकून, पाल दिसली की बायकोला हाक मारणारा. पण खड्गसिंहाने मारलेल्या राक्षसांची नुसती रांग लावली होती.

होळीला महाराजांनी खेळाची नवी पोथी आणवली आणि आमच्यात दोन तट पडले. जुन्या पोथीत मेलेलं सोंग संपलं. नवी म्हणते, त्याला एकदा उठू द्या.

“ही कच्च्या लिंबांची पोथी आहे!” मी भर दरबारात म्हणालो. आमच्या बाजूने टाळ्या पडल्या. पुढे आठवडाभर मी त्याच टाळ्यांवर जगत होतो. रोज दिवेलागणीला आम्ही खेळघरात जमायचो, फाशांची डबी कपाळाला लावून खुळखुळ हलवायचो, “या फाशांची शपथ!” म्हणायचो आणि जेवायची हाक येईपर्यंत भांडायचो.

श्रावण सरला तरी भांडण सरेना. शेवटी महाराज धैर्यशीलराव कानांत बोटं घालून उठले.

“बस्स! होळीपासून या दोन्हींपैकी एकही पोथी ज्याने मोडलेली नाही, असा माणूस मला आणून दाखवा. तो म्हणेल तो नियम! नाहीतर उद्या पाट, फासे, पोथ्या, सगळं न्हाणीघराच्या चुलीत!”

आमची तोंडं उतरली. जुनी पाळावी तर नवी मोडते, नवी पाळावी तर जुनी. असा माणूस आणायचा कुठून?

कोपऱ्यात समईची वात सारता सारता गोजरा खुदकन हसली. खेळघराची दिवाबत्ती तिच्याकडे होती.

“हसतेस काय गं?” महाराज गरजले. “आता तूच आण तो माणूस! नाही आणलास तर खेळघराला कुलूप आणि तुझी चाकरीही गेली!”

“आणते की, महाराज! पण एकाऐवजी खंडीभर आणले तर चालतील का?”

“आधी एक तर आण!” महाराज म्हणाले.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. खड्गसिंह चुलीत जाणार! घोड्यासारखा वाढलेला माणूस मी, पण सोंगासाठी रडलो.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. गोजरा एकटीच आली.

“कुठाय तुझा माणूस?” महाराजांनी विचारलं.

“हे काय, बसलेत की सगळे! रंगोपंत, अवधूतराव, जुने, नवे... आणि रागावू नका महाराज, तुम्हीसुद्धा! होळीपासून एकानेही एकही पोथी मोडलेली नाही.”

“ते कसं?”

“नियम मोडायला आधी खेळावं लागतं, महाराज! होळीपासून इथं खेळलंय कोण?”

मी अवधूतरावांकडे पाहिलं, ते छताकडे पाहत होते.

“खोटं आहे!” मी उसळलो. “रोज फासे हातात घेतो आम्ही!”

“मग दाखवा की, रंगोपंत.”

मी ऐटीत डबी उघडली. आत सुपाऱ्या!

“फासे मी होळीनंतर पुसायला नेले होते,” गोजरा म्हणाली. “परत कुणी मागितलेच नाहीत. पण शपथ घेताना तुम्ही डबी हलवता, मग आवाज नको का? म्हणून सुपाऱ्या घातल्या!” तिने कनवटीचे फासे काढून पाटावर ठेवले. “मुदपाकखान्यात आम्ही बायका रोज खेळतो. दोन्ही पोथ्या मोडतो!”

महाराजांना हसू आवरेना. “पण गोजरे, इथं तर सगळेच साव निघाले! मग नियम कुणाचा धरायचा?”

“ज्याचं सोंग आधी मरेल, त्यालाच विचारू!”

“शाब्बास! रंगोपंत, टाका!”

गुहा समोर होती, राक्षस घोरत होता. इतक्या महिन्यांनी फासे हातात आले आणि मी ते आनंदाने कपाळाला लावले. मी टाकले. दान पडलं नाही. राक्षसाने कूस बदलली आणि खड्गसिंह त्याच्याखाली चिरडला!

“बोला, रंगोपंत,” गोजरा गोड आवाजात म्हणाली. “जुनी की नवी?”

सगळी जुनी मंडळी माझ्याकडे आशेने पाहत होती. मी मान खाली घातली.

“मला... मला कच्चं लिंबू धरा!”

महाराज इतके हसले की पगडी मांडीवर पडली. डोळे पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं. “आजपासून खेळघर तुझं आणि सूत्रधारही तूच!”

गोजराने कडं मनगटात चढवलं आणि पाटाशी मांडी घातली.

“उठा, खड्गसिंह! राक्षस पुन्हा घोरायला लागलाय. काय करता?”