पिल्लू भुकेलं, चूं चूं चूं!

एक होता बांध. बांधाखाली होतं बीळ. बिळात राहायची उंदीरआई. तिला होतं एकच पिल्लू. एवढुस्सं! शेंगदाण्याएवढं. गुलाबी गुलाबी. डोळे मिटलेले. अंगावर एक केस नाही.

एकदा उंदीरआई दाणे आणायला निघाली. वरून आली घार. झप्प! आईला घेऊन गेली.

बिळात पिल्लू एकटं. थंडी वाजली. भूक लागली. पिल्लू रडायला लागलं. चूं चूं चूं!

शेजारी राहायची चिचू चिचुंद्री. लांब नाक, बारीक डोळे. तिने रडणं ऐकलं. तुरु तुरु, तुरु तुरु आली धावत.

"अगं बाई! तुझी आई कुठंय?"

चूं चूं चूं!

चिचूने वर बघितलं. आभाळात घार. चिचूला कळलं.

"उगी उगी. मी आहे ना!"

चिचूने शेतातून कापूस आणला. मऊ मऊ. पिल्लाला त्यात गुंडाळलं. ऊब आली. पण पोट? पोट रिकामं!

चिचूजवळ दूध नव्हतं.

"थांब हं राजा. आत्ता आणते!"

तुरु तुरु, तुरु तुरु. चिचू गेली शेळीकडे.

"शेळीताई, दूध दे!
दूध पिल्लाला,
पिल्लू भुकेलं, चूं चूं चूं!"

शेळी म्हणाली, "में में! मीच उपाशी. शेवरीचा पाला आण. मग देते."

तुरु तुरु, तुरु तुरु. चिचू गेली शेवरीच्या झाडाकडे.

"शेवरीबाई, पाला दे!
पाला शेळीला,
दूध पिल्लाला,
पिल्लू भुकेलं, चूं चूं चूं!"

शेवरी म्हणाली, "सळसळ! मला लागली तहान. पाटाचं पाणी आण. मग देते."

तुरु तुरु, तुरु तुरु. चिचू गेली पाटाकडे.

"पाटदादा, पाणी दे!
पाणी शेवरीला,
पाला शेळीला,
दूध पिल्लाला,
पिल्लू भुकेलं, चूं चूं चूं!"

पाट म्हणाला, "बुडबुड! माझ्या तोंडात गाळ. यसूकाकूला खोरं घेऊन बोलाव. मग देतो."

यसूकाकू म्हणजे शेताची मालकीण. कंबर कसून उभी.

तुरु तुरु, तुरु तुरु. चिचू गेली यसूकाकूकडे.

"यसूकाकू, खोरं घे!
खोरं पाटाला,
पाणी शेवरीला,
पाला शेळीला,
दूध पिल्लाला,
पिल्लू भुकेलं, चूं चूं चूं!"

यसूकाकू म्हणाली, "पिल्लू कुणाचं गं?"

"उंदराचं."

"उंदराचं? अगं, उंदीर माझी ज्वारी खातात!"

"हे नाही खात, काकू. याला दातच नाहीत."

काकूला हसू आलं. "बरं बाई. पिल्लू ते पिल्लू. भूक तर लागणारच! पण खोऱ्याचा दांडा मोडलाय. लहानू सुताराकडून नवा आण. मग येते."

तुरु तुरु, तुरु तुरु. दमली, पण धावली. चिचू गेली लहानू सुताराकडे.

"लहानूमामा, दांडा दे!
दांडा खोऱ्याला,
खोरं पाटाला,
पाणी शेवरीला,
पाला शेळीला,
दूध पिल्लाला,
पिल्लू भुकेलं, चूं चूं चूं!"

लहानूमामा म्हणाला, "देतो की! दांडा तयार आहे. पण तो घट्ट बसायला पाचर लागते. लोखंडाची, छोटीशी. एकच होती. गेली घरंगळत त्या फळ्यांखाली. माझा हात जाईना!"

चिचूने वाकून बघितलं. आत काळोख. फट एवढीशी.

"मामा, मी जाते!"

सुर्र! चिचू आत. भुसाच भुसा. आक् छी! कोळिष्टकं नाकाला. आक् छी! पुढे सरकली. अजून पुढे. पायाला लागलं काहीतरी गार गार. पाचर!

चिचूने पाचर तोंडात धरली. ओढली, ओढली. खर्र खर्र, खर्र खर्र. आली बाहेर!

"शाब्बास गं पोरी!" लहानूमामा टाळ्या पिटायला लागला.

मग काय! सगळ्यांची एकच घाई!

मामाने पाचर ठोकली. ठक ठक ठक!
दांडा बसला खोऱ्याला.
काकूने गाळ उपसला. खपाखप!
पाट वाहिला. खळखळ खळखळ!
पाणी मिळालं शेवरीला. शेवरी हलली. सळसळ सळसळ!
पाला पडला शेळीपुढे. शेळीने खाल्ला. मचमच मचमच!

"में में! या आता. दूध तयार!"

काकूने धार काढली. चुर्र चुर्र! वाटीत कोमट दूध. काकू धावली. चिचू धावली. तुरु तुरु, तुरु तुरु!

बिळापाशी आल्या. चिचूने कान दिला.

चूं नाही. चां नाही.

"पिल्ला? ए पिल्ला!"

चिचूने पिल्लाला बाहेर आणलं. पिल्लू गप्प. पिल्लू गार.

काकूने पिल्लाला तळहातावर घेतलं. दुसरा हात वरून ठेवला. दोन हातांची गरम गरम दुलई! चिचूने फुंकर घातली. हूं, हूं, हूं. कापसाचा एक धागा दुधात बुडवला. पिल्लाच्या ओठाला लावला.

टप्प! एक थेंब.

काहीच नाही.

टप्प! दुसरा थेंब.

काकू श्वास रोखून बसली. चिचूचं नाक थरथरलं.

टप्प! तिसरा थेंब.

आणि पिल्लाची जीभ बाहेर आली! एवढीशी! लुचूक!

"प्यालं! प्यालं! काकू, प्यालं!"

लुचूक लुचूक, लुचूक लुचूक. पोट झालं टम्म. पिल्लू झोपलं.

काकू म्हणाली, "चिचू, हे एकदा पाजून भागत नाही हं. सकाळी पाजायचं, दुपारी पाजायचं, संध्याकाळीही पाजायचं."

"पाजीन की!"

रोज काकू दूध आणायची. रोज चिचू पाजायची. टप्प टप्प, लुचूक लुचूक. पिल्लाला कोवळी लव आली. कान उभे राहिले. एके सकाळी डोळे उघडले. एक डोळा, मग दुसरा.

पिल्लाने काय बघितलं? लांब नाक. बारीक डोळे.

पिल्लू म्हणालं, "आई!"

चिचू इकडे बघते, तिकडे बघते. "मी? मला म्हणालास?"

"आई! भूक!"

चिचू हसली, रडली, पुन्हा हसली.

आता पिल्लाला दातही आले. चिचू म्हणाली, "चल, दाणे खायला जाऊ. हरवू नकोस हं. माझी शेपटी धर."

पिल्लाने शेपटी धरली. घट्ट!

चिचू पुढे, पिल्लू मागे.

तुरु तुरु, तुरु तुरु, तुरु तुरु!