मागच्या खोलीतली ऊब

थोरल्याने त्या सकाळी मला हाक का मारली नाही?

हा प्रश्न धाकट्याने आईला विचारला, वहिनीला विचारला, ज्यांनी थोरल्याला उचलून घरी आणले त्या चौघांनाही विचारला. कोणी मान खाली घातली, कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ही गोष्ट इतकी जुनी आहे की त्या राज्याचे नाव सांगणारेही आता कोणी उरलेले नाही. उंच डोंगरांच्या मधोमध एक गाव होते. तिथे हिवाळ्यात रांजणातले पाणी दगडासारखे घट्ट व्हायचे आणि उन्हाळ्यात अंगणातल्या शिळेवर पाय ठेववत नसे. म्हणून तिथल्या घरांना एक सोय केलेली असे. घराबाहेर भट्टी. तिथून फरशीखालून भाजलेल्या मातीचे नळ, पार मागच्या खोलीपर्यंत. तिथे भिंतीत धुरांडे. थंडीत भट्टी पेटली की गरम धूर नळांतून जाई आणि घरभर फरशा तापत. उन्हाळ्यात भट्टीच्या तोंडाशी वाळ्याची ओली ताटी लावली की त्याच वाटेने गार वारा जाई आणि फरशा थंड पडत. या सोयीला ते लोक ऊबवाट म्हणत.

थोरला ऊबवाटा बांधायचा. त्या खोऱ्यात त्याच्या हाताला तोड नव्हती. धाकटा पाठशाळेत दोन पावसाळे गेला आणि पळून आला. तेव्हापासून तो भावाचा चुना मळायचा. थोरला धुरांड्यावर चढला की त्याच्या कमरेचा दोर खाली धाकट्याच्या हातात, हा त्यांचा नेम होता. एकाच सकाळी तो मोडला. थोरला एकटाच गेला, आणि शेजारगावच्या धुरांड्यावरून पडला.

घरात उरली आई, वहिनी, वहिनीचे तान्हे बाळ आणि धाकटा.

धाकटा रडला नाही. तो फक्त तापट झाला. दादाचे नाव कोणी हळू आवाजात घेतले तरी त्याच्या मुठी वळायच्या. "हे घर बघा," तो सांगायचा. "दादाने बांधलंय. असं घर राजालाही नाही!"

त्या उन्हाळ्यात आई मागच्या खोलीत उघड्या फरशीवर तळमळत पडायची. वहिनी म्हणाली, "भावोजी, वारा मागे पोचत नाही हो."

"यंदा ऊनच जास्त आहे," धाकटा म्हणाला.

तो स्वतः पुढच्या खोलीत, भट्टीला लागून निजायचा. पुरुषांनी आणि पाहुण्यांनी पुढे निजायचे, बायकांनी-पोरांनी मागे, अशी त्या गावाची रीत होती. पुढची फरशी गारही पडे आणि तापेही. धाकट्याला तक्रार कुठून सुचणार?

उन्हाळा सरला. सकाळी भट्ट्या पेटू लागल्या. त्या गावात घराची पत धुरांड्यावरून ठरायची. थोड्या लाकडात जे घर तापते, त्याचा धूर बारीक, असे सगळे मानत. आणि धाकट्याच्या घरावरचा धूर यंदा अगदी सुतासारखा बारीक होता.

"बघा, बघा!" तो ओट्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. "दरवर्षी बारीक होतोय. दादाचं काम जुनं होतंय तसं मुरतंय!"

लोक माना डोलवायचे. आत बाळ खोकायचे.

एके दिवशी शेजारचे कुंभारकाका ओट्यावर टेकले होते. थोरल्याने घातलेला प्रत्येक नळ त्यांच्याच आव्यातून निघालेला. वहिनी बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली. बाळाचे डोळे लाल होते.

"काका, तुम्हीच सांगा यांना. रात्रभर पोराला ठसका लागतो. सासूबाई बसून झोपतात. ऊबवाट जुनी झालीय. बदलायला हवी."

"बदलायला?" धाकटा ताडकन उठला. "दादाचं काम उखडायचं? त्याला जाऊन वर्ष नाही झालं, वहिनी!"

"मला मोजून सांगता?" वहिनी म्हणाली. "माझा कोण होता तो?"

धाकट्याची मान खाली गेली. पण जीभ थांबली नाही. "कुठे भेग असेल तर चुना भरतो. उखडणार नाही."

"चुना दोनदा भरलात. एक भेग बुजते, दुसरी धुरकते."

कुंभारकाका मिशीत हसले. "अरे पोरा, तुझा भाऊ नवी ऊबवाट बांधली की काय करायचा? आठवतं ना?"

धाकट्याला चांगलेच आठवत होते. थोरला भट्टीत मूठभर सुक्या मिरच्या टाकायचा आणि घरातल्या सगळ्यांना आत बसवायचा. कोणाला शिंक आली तर काम कच्चे. त्याच्या कामात कधी कोणी शिंकले नव्हते.

"टाका मिरच्या!" धाकटा ओरडला. "आत्ता टाका. मी स्वतः मागच्या खोलीत बसतो. शिंकलो तर नाव बदलीन!"

"नाव राहू दे," काका म्हणाले. "नाक सांभाळ."

आईला आणि बाळाला अंगणात आणले. ओट्यापुढे दहा-बारा माणसे जमली. धाकट्याने एक नव्हे, दोन मुठी मिरच्या भट्टीत फेकल्या आणि ताठ मानेने मागच्या खोलीत जाऊन मांडी घातली.

दहा आकडे मोजून होण्याआधी पहिली शिंक आली. मग दुसरी. मग इतक्या आल्या की अंगणातल्या पोरांनी मोजणे सोडले. भिंतीच्या कडेने, फरशांच्या सांध्यांतून, त्याने स्वतः भरलेल्या चुन्याच्या बाजूने धूर वर येत होता. धाकट्याला तेव्हा समजले. धुरांड्यावरचा धूर बारीक झाला होता, कारण उरलेला इथे येत होता. आईच्या अंथरुणात. बाळाच्या छातीत.

तो धडपडत बाहेर आला. लोक हसत होते. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आधी मिरचीच्या होत्या. मग हसणे थांबले, कारण धारा थांबेनात. आई उठली आणि तिने त्याला जवळ घेतले. त्या वर्षात तो पहिल्यांदा रडला.

डोळे पुसून झाल्यावर त्याने पहार उचलली आणि सरळ आत निघाला.

"थांब!" कुंभारकाकांनी त्याचा दंड धरला. "आधी विचार कर. एकदा फरशी उखडलीस की घरात ऊब नाही. हिमाला महिना उरलाय. मला नळ भाजायला पंधरा दिवस लागतील. काम अर्धं राहिलं तर हे पोर उघड्या घरात गारठेल. आणि बांधणारा कोण? तू तर चुना मळणारा."

धाकट्याने पहार खाली टेकवली. ठेवले तर धूर, उखडले तर थंडी. त्याने वहिनीकडे पाहिले.

"भावोजी," ती म्हणाली, "उखडणार असाल तर चुना मी मळते."

मग अविचाराने काही करायचे नाही, असे त्याने ठरवले. काका सोबत बसले. पहिल्या दिवशी भट्टीजवळची एक आणि मागच्या खोलीतली एक, अशा दोनच फरशा उचलल्या. काकांनी नळांवर बोटाने टिचकी मारून दाखवले. पुढचे नळ खणखणीत वाजले. मागचे बद्द वाजले, आणि बोटाखाली भुगा झाले.

"एखादाच नळ असा असता तर डागडुजी कर म्हणालो असतो," काका म्हणाले. "पण मागची सगळी वाट मेलीय. पुढची अजून जिवंत आहे. जिवंत ते ठेव, मेलेलं काढ."

तेवढेच उखडायचे ठरले. आणि मागची फरशी निघाली, तेव्हा धाकटा पाहतच राहिला. नळ वाकडे बसवलेले होते. उतार कुठे जास्त, कुठे उलटा. एका ठिकाणी चुना पिवळा, दुसऱ्या ठिकाणी पांढरा, तिसऱ्या ठिकाणी राखाडी. एकच वाट तीन वेळा फोडून तीन वेळा जोडलेली होती.

"हे दादाचं काम?"

"पहिलं काम," काका म्हणाले. "तुझ्याएवढाच होता. तीनदा चुकला, तीनदा स्वतःच्या हाताने उखडलं. तू तेव्हा पाळण्यात होतास."

धाकटा वाकड्या नळाकडे बघत राहिला, आणि एकदम खो खो हसत सुटला. "वहिनी! अहो वहिनी, इकडे या! दादालासुद्धा येत नव्हतं!"

वहिनी आली. तिने ते वेडेवाकडे काम पाहिले आणि तीही हसली, पदर तोंडाला लावून.

"येत नव्हतं, आणि तरी तो खोऱ्यातला पहिला कारागीर झाला," धाकटा म्हणाला. त्याची छाती अशी फुगली, जशी ओट्यावर उभे राहूनही कधी फुगली नव्हती.

त्यानंतर त्याने दिवस मोजले नाहीत. दोरी ताणून उतार धरला. दोनदा चुकला, दोनदा उखडले. वहिनीने चुना मळला, आईने नळ पुसून हातात दिले. आव्यातला शेवटचा नळ आला, तो अजून कोमट होता. हिम पडायच्या दोन दिवस आधी मागची फरशी बसली. भट्टी पेटली. धाकट्याने पुन्हा मिरच्या टाकल्या, आणि सगळा गाव मागच्या खोलीत दाटीवाटीने बसला. कोणी शिंकले नाही. बाळ मात्र इतक्या माणसांत शांत झोपून गेले.

त्या हिवाळ्यात धाकटा मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी निजला. गावातल्या आणखी सात घरांनी भट्टीत मिरच्या टाकून पाहिल्या. त्यातली पाच शिंकली. सगळीकडून धाकट्याला बोलावणे आले, मग शेजारच्या खोऱ्यातूनही आले. लोक म्हणत, "थोरल्याचा भाऊ आलाय." त्याला याहून मोठी पदवी नको होती.

वसंतात तो दूरच्या कामावर निघाला. पाठीवर थापी आणि ओळंबा बांधून झाला, तरी तो लगेच न निघता मागच्या खोलीत गेला. तिथली एक फरशी त्याने पहारीने उचलली, कडेचा चुना खरवडून टाकला, आणि दगडाला भोक पाडून त्यात लोखंडी कडी बसवली.

"वहिनी, ही आता मोकळी आहे. कडीला धरून तुम्ही एकट्याही उचलाल. सांधा ओल्या मातीने लिंपला की पुरे. दरवर्षी थंडीआधी आत बघा, टिचकी मारा. बद्द वाजलं तर उखडा. माझ्या हातचं म्हणून जपून ठेवू नका."

मग त्याने फरशी परत बसवली, सांधा लिंपला आणि आईच्या पाया पडून वाटेला लागला.

ज्यांनी राबून आपले घर उबदार केले, त्यांचा खरा मान ते घर उबदार ठेवण्यात असतो.