काळ्या फुलांची बाग आणि लिंबाजी माळी

एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळा माळी होता. भोळा म्हणजे कसा, तर जे सांगाल ते करी, आणि जेवढं सांगाल तेवढंच करी. माळीकामाआधी तो शाळेत शिपाई होता. मास्तरांनी सांगितलं होतं, सूर्य डोक्यावर आला की मधल्या सुट्टीची घंटा दे. नेमकं एक दिवस आभाळ आलं. लिंबाजी घंटेखाली वर बघत उभा राहिला. पोरं दिवेलागणीला घरी गेली. लिंबाजीही गेला, तो कायमचा.

अशा त्याच्या बऱ्याच नोकऱ्या झाल्या होत्या. शेवटी त्याची बायको गिरजा इनामदारांच्या बाईसाहेबांकडे गेली, त्यांची विनवणी केली आणि नवऱ्याला बागेच्या कामावर लावून आली. घरी येऊन तिनं स्पष्ट सांगितलं की हीही नोकरी गेली तर ती माहेरी जाईल, आणि न्यायला आला तरी परत यायची नाही. लिंबाजीचा गिरजेवर फार जीव. त्यानं मनाशी ठरवलं, आता सांगितलेलं एक अक्षर विसरायचं नाही. सगळा घोळ झाला तो यामुळेच.

बाईसाहेबांना बाग हवी होती, पण कशी, तर काळी. लोक हसले. पण त्यामागे कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव आत्याबाई. आत्याबाई म्हणजे इनामदारांच्या थोरल्या बहीण. अंगानं काटकुळ्या, जिभेनं तिखट, आणि नजर अशी की ज्याला म्हणून चांगलं म्हणतील त्याचं वाटोळं. मागच्या खेपेला म्हणाल्या, मोगरा काय फुललाय गं. आठवड्यात मोगरा वाळला. म्हैस काय दुभती आहे, म्हणाल्या. म्हशीनं लाथ मारून चरवी पालथी केली आणि पान्हाच चोरला. यंदा संक्रांतीला त्या पुन्हा येणार होत्या. घरात नवी सून येणार होती, तिची पहिली संक्रांत. अंगावर काळी चंद्रकळा, त्यावर हलव्याचे दागिने आणि भोवती फुललेली बाग, असं हळदीकुंकू बाईसाहेबांच्या मनात होतं. लहान मुलाला काळी तीट लावली की नजर लागत नाही. मग सगळी बागच काळी केली तर आत्याबाई करणार काय?

त्यांनी शहरातून काळ्या फुलांचं बी मागवलं. काळा गुलखैरा, काळा पिटुनिया, काळी पॅन्सी. अगदी काजळासारखी फुलं नसतात ती. वांग्याच्या सालीसारखी असतात, पण सावलीत काळीच दिसतात. गणपती गेल्यावर बाईसाहेबांनी गुलखैऱ्याची पुडी लिंबाजीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, ही कोपऱ्यातल्या वाफ्यात पेर.

लिंबाजीनं खड्डा केला आणि पुडी पेरली. दोरा बांधलेला होता तसाच.

आठ-दहा दिवस काही उगवेना. बाईसाहेबांनी उकरून पाहिलं तर भिजून लगदा झालेला कागद. त्यांनी त्याला समोर बसवून समजावलं. पुडी सोडायची. बी रात्रभर पाण्यात भिजवायचं. मग बोटभर खोल पेरायचं.

"बरं," लिंबाजी म्हणाला. "एकदा सांगितलं की मी विसरत नाही."

हे अगदी खरं होतं. तो विसरत नसे.

दुसरी पुडी पिटुनियाची. पिटुनियाचं बी म्हणजे नाचणीच्या पिठापेक्षा बारीक. लिंबाजीनं पुडी सोडली, बी बादलीभर पाण्यात टाकलं आणि सकाळी शोधायला बसला. बोटभर खोल पेरायला एकही दाणा हाती लागेना. मग त्यानं बादलीच वाफ्यात ओतली आणि बी खोल जावं म्हणून वरून बोटभर माती लोटली. बाईसाहेब कपाळाला हात लावून म्हणाल्या की हे बी भिजवायचं नाही, पुरायचंही नाही. मातीवर नुसतं भुरभुरायचं आणि उघडं ठेवायचं. त्याला ऊन दिसलं पाहिजे.

"बरं. एकदा सांगितलं की मी विसरत नाही."

तिसरी पुडी पॅन्सीची. लिंबाजीनं ती मातीवर भुरभुरली आणि उघडी ठेवली. बियांना ऊन दिसलं. बिया मुंग्यांना दिसल्या. मुंग्या रांग लावून आल्या आणि एकेक दाणा डोक्यावर घेऊन गेल्या. लिंबाजी शेजारी बसून बघत होता. मुंग्यांना हाकल असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

बाईसाहेब ओरडल्या नाहीत, कारण ओरडून काही उपयोग नाही हे आता त्यांना कळलं होतं. पॅन्सीच्या बियांना उजेड चालत नाही, त्यांनी सांगितलं. त्यांच्यावर काळं कापड घालायचं, रोज वरून पाणी शिंपडायचं, आणि उगवेपर्यंत कोणी कितीही म्हटलं तरी कापड उघडायचं नाही.

"बरं. एकदा सांगितलं की..."

"माहीत आहे," बाईसाहेब म्हणाल्या.

बाई शहाण्या होत्या. प्रत्येक पुडीतलं अर्धं बी त्या फडताळात काढून ठेवत. ते त्यांनी स्वतः उभं राहून पेरून घेतलं, म्हणून बाग झाली. नाहीतर आपली गोष्ट इथंच संपली असती.

पण कापडाची गोष्ट लिंबाजीच्या डोक्यात पक्की बसली होती. इनामदारांचं डोकं होतं तुळतुळीत. वैद्यांनी त्यांना कसलंसं तेल दिलं होतं, केस उगवतील म्हणून. एक दिवस ते तेल चोपडून ओसरीवर आरामखुर्चीत पडले आणि समोरून जाणाऱ्या लिंबाजीला म्हणाले, आता बघ, महिन्याभरात कसं उगवतं. त्यांचा डोळा लागला. लिंबाजीनं पाहिलं की डोकं उघडं आहे, त्यावर ऊन पडलंय आणि एक मुंगीही फिरतेय. तो धावत गेला, काळं कापड आणलं, इनामदारांच्या डोक्यावर घातलं, गळ्याशी दोरी बांधली आणि वरून झारीनं पाणी शिंपडायला लागला. इनामदार दचकून उठले आणि आतून ओरडू लागले, सोड म्हणून. लिंबाजी दोरी सोडेना. उगवल्याशिवाय उघडायचं नाही, बाईसाहेबांनीच सांगितलंय, असं त्यानं अदबीनं सांगितलं. शेवटी घरातल्या गड्यांनी मालकांना सोडवलं.

त्या दिवशी नोकरी जाणारच होती. पण गिरजा पदर पसरून उभी राहिली आणि बाईसाहेबांनी नवऱ्याची समजूत घातली. संक्रांतीपर्यंत ठेवते, म्हणाल्या. त्या दिवशी काही वेडंवाकडं झालं तर मात्र दारातही उभा करायची नाही. गिरजेनं घरी जाऊन कपड्यांची घडी घालायला सुरुवात केली. तिला आपला नवरा माहीत होता.

पुढं रोपं वर आली, आणि दाट आली. बाईसाहेबांनी सांगितलं, दाटी झाली की विरळ कर. दोन रोपांमध्ये वीतभर अंतर ठेव. मधलं काटकुळं असेल ते उपट. लिंबाजीनं तसंच केलं, वीत लावून लावून केलं, आणि उपटलेली रोपं उकिरड्यावर फेकून आला. बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. अरे, उपटलेलं रोप फेकायचं नसतं. मुळाची माती सांडू न देता अलगद उचलायचं, दुसरीकडे खड्डा करून त्यात लावायचं, माती पायानं दाबायची आणि लगेच पाणी घालायचं. दोन दिवस ते मान टाकतं, तोवर सावलीत ठेवायचं, मग उभं राहतं. परगावी पाठवायचं असेल तर मुळांना ओलं गोणपाट बांधून द्यायचं.

लिंबाजीनं मान डोलावली. काय म्हणाला ते तुम्हाला माहीत आहे.

मधल्या काळात बाईसाहेबांच्या मुलाचं लग्न झालं आणि सूनबाई घरी आली. पोर गोड होती, पण बोलेना. खाली मान घालून बसायची, दोन घास खायची, विचारलं की हो म्हणायची. बाईसाहेबांनी खूप लाड केले. तिला हसवायचं कसं ते काही त्यांना जमेना, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटे.

संक्रांत आली. बाग अशी फुलली होती की काय सांगू. गुलखैऱ्याचे उंच दांडे, खाली पिटुनिया, कडेनं पॅन्सी, सगळं काळंभोर. मधे सतरंज्या घातल्या होत्या. सूनबाई काळी चंद्रकळा नेसून, गळ्यात हलव्याचा हार घालून पाटावर बसली होती, मान खालीच. आणि आत्याबाई आल्या. त्यांनी फुलांकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि काही म्हणजे काही चांगलं बोलल्या नाहीत. बाईसाहेबांचा जीव भांड्यात पडला.

मग गावच्या बायका यायला लागल्या. एकीमागून एक, लेकीसुनांसकट. सतरंज्या भरल्या, मांडीला मांडी लागली, वाण वाटायला पाऊल ठेवायला जागा उरली नाही. बाईसाहेब तबक घेऊन दारात अडकल्या. लिंबाजी बाहेरून आणखी सतरंज्या घेऊन येत होता. त्याला त्या म्हणाल्या, "लिंबाजी, फार दाटी झालीय रे. बघ जरा."

लिंबाजीनं सतरंज्या खाली ठेवल्या. त्यानं दोन बायकांच्या मधे वीत लावली आणि एकीला सरकायला सांगितलं. मग पुढच्या दोघींमधे. बायका खुदखुदत सरकल्या. मदतीला आलेली गिरजा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, चला, निदान हे तरी नीट करतोय.

रांगेच्या मध्यावर तो थांबला. तिथं इकडे वीत बसेना आणि तिकडेही बसेना. मधे आत्याबाई बसल्या होत्या. लिंबाजीनं त्यांना वरपासून खालपर्यंत निरखून पाहिलं. काटकुळ्या.

त्यानं खाली वाकून त्यांना अलगद उचललं. आत्याबाईंची वाचा आयुष्यात पहिल्यांदा बसली. वाफ्याच्या टोकाला आंब्याच्या कलमासाठी गुडघाभर खड्डा करून ठेवला होता. लिंबाजीनं त्यांना त्यात उभं केलं, चहूबाजूंनी माती लोटली, पायानं दाबली, आणि झारी घेऊन डोक्यावरून पाणी घातलं. अंबाड्यातलं फूल वाहून खाली आलं.

गिरजेनं डोळ्यांना पदर लावला. बाईसाहेब तबक टाकून धावत आल्या.

"लिंबाजी, काय केलंस हे?"

"काळजी करू नका," लिंबाजी म्हणाला. "दोन दिवस मान टाकतील, मग उभ्या राहतील."

तेवढ्यात कोणीतरी हसलं. बारीक, मग मोठ्यानं, मग अंगावरचा हलवा तुटून खाली सांडेपर्यंत. बाईसाहेबांनी वळून पाहिलं तर सूनबाई. तिचं हसणं थांबेना, मग बायकांचंही थांबेना. त्या घरानं आपल्या सुनेचं हसणं पहिल्यांदा ऐकलं. बाईसाहेबांना इतकं बरं वाटलं की त्या आत्याबाईंना क्षणभर विसरल्याच.

आत्याबाईंची वाचा परत आली. हा माणूस या घरात राहणार असेल तर मी या घरात पाऊल टाकणार नाही, त्या म्हणाल्या. तुला तो हवा की मी, ते आत्ता सांग.

बाईसाहेबांनी सुनेकडे पाहिलं. हसून हसून तिचे डोळे भरून आले होते.

"वन्सं," त्या फार नम्रपणे म्हणाल्या, "तुमचा टांगा दारातच उभा आहे. लिंबाजी, उद्या वेळेवर ये. आणि आता आत्याबाईंना नीट सांभाळून पाठव."

गिरजा खिडकीत रडत होती आणि हसतही होती. लिंबाजीला मात्र काम पुरं करायचं होतं. त्यानं कुदळ आणली, आत्याबाईंच्या भोवतीची माती गोल खणली, मुळाशी म्हणजे पायांशी असलेला चिखलाचा गोळा जराही सांडू दिला नाही, त्याला ओलं गोणपाट गुंडाळून सुतळीनं घट्ट बांधलं, आणि त्यांना उचलून टांग्यात उभं केलं. मग टांगेवाल्याला म्हणाला, "गावी पोचल्यावर लगेच लावा. पहिले दोन दिवस सावलीत ठेवा."