घोंगडीखालची लाज

“नाव एक, नंबर एक... मग दोन्ही प्रोग्राम वेगळे आहेत हे मला कळणार तरी कसं, अक्का?”

शिवानंद बिराजदार मठाच्या ओट्यावर बसून विचारत होता. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात तीनशे कॉम्प्युटर. त्यांच्यावर नवे प्रोग्राम चढवायचे, हे त्याचं काम. एका जागी बसून करायचा. शिकलेला, हुशार, आणि हुशारीचा ताठा मानेत. आज मान खाली होती.

नीलगंगाअक्का उन्हात घोंगडी झटकत होत्या. मठ त्याच चालवतात. शिवानंदला लहानपणापासून ओळखतात.

“वेगळे होते ना पण?”

“होते. लॅबच्या मशीनसाठी, रिपोर्टला बरोबर नाव जोडायला, कंपनीनं तोच प्रोग्राम वेगळा बांधून दिला होता. त्याला बिल्ड म्हणतात. वरून बाकीच्यांसारखाच दिसतो.”

“आणि तू?”

“सगळ्यांवर एकच चढवला. लॅबचा पुसला गेला.”

“पुढं बोल.”

“एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर निघाला. एका म्हाताऱ्याला नको ते औषध गेलं.”

अक्कांचे हात थांबले.

“वाचले ते,” शिवानंद घाईनं म्हणाला.

“हे वेगळं बांधलेलं ओळखायचं कसं असतं?”

“उघडून. आत बिल्डचा वेगळा आकडा असतो.”

“म्हणजे कळणार होतं. वेळ नव्हता?”

“होता. मला वाटलं, मला माहीत आहे.”

अक्का पुन्हा घोंगडी झटकायला लागल्या. धूळ त्याच्याच अंगावर येत होती. तो सरकला नाही.

“मग इथं काय काम काढलंस?”

“चौकशीत मी सांगितलं... लॅबमधल्या उज्ज्वलाबाईंनी नावं चुकवली. त्यांना घरी बसवलंय. उद्या कायमचं काढतील.”

“आणि तू गाडी काढून मठात आलास.”

“लाजेनं झोप लागत नाही, अक्का. काहीतरी प्रायश्चित्त सांगा. आठ दिवस मठ झाडतो. उपास धरतो.”

“झाडायला माणूस आहे. आणि तुझ्या उपासानं कुणाचं पोट भरणार? लाज वाटते म्हणालास. उघडून बघितलीस का?”

“लाज ती लाज. त्यात काय बघायचं?”

“तीनशे मशीनचंही तू असंच धरलं होतंस.”

अक्कांनी हातातली घोंगडी त्याच्या डोक्यावरून टाकली. पार गुडघ्यापर्यंत.

“अक्का, हे काय...”

“गप. आता तुला कुणी बघत नाही. तुझी चूक कुणाला कळली नाही, कळणारही नाही. मी तोंड उघडणार नाही. तुझी नोकरी शाबूत, पगार शाबूत, लोक साहेब म्हणतील. आता सांग, वाटते का लाज? खरं बोल. इथं खोटं बोलून काय मिळवणार आहेस?”

“कमी झाली,” आतून आवाज आला. अगदी बारीक.

“मग ही लाज नव्हे, उघडं पडायची भीती. बस तसाच.”

ऊन ओट्यावरून सरकलं. माणसं आली, पाया पडली, गेली. एका बाईनं विचारलं, “अक्का, हे कोण बसलंय?”

“कुणी नाही,” अक्का म्हणाल्या, आणि तांदूळ निवडायला घेतले.

आत त्यानं हे ऐकलं असणार. तरी तो उठला नाही.

बऱ्याच वेळानं घोंगडीतून शब्द आले. घोगरे, तुटक.

“अक्का... शेजारच्या बाया विचारत असतील, आज ड्युटी नाही का म्हणून. उज्ज्वलाबाई काय सांगत असतील?”

अक्का तांदूळ निवडत राहिल्या.

“त्या मला म्हणाल्या होत्या, साहेब, नावं मी दोनदा बघितली होती. मी म्हटलं, नीट आठवा. तेव्हा गप्प झाल्या... आता त्यांनाच वाटत असेल, आपण चुकलो. म्हातारा आपल्यामुळं मरत होता.”

अक्कांनी सूप खाली ठेवलं. उठून घोंगडी ओढून घेतली.

शिवानंदनं डोळे मिटून घेतले होते.

“ऊठ,” अक्का म्हणाल्या. “हे ऐकणारी मी नव्हे. उज्ज्वलाबाईंना सांग, आणि मग चौकशीत.”